पुढे रस्ता बंद आहे

कुठल्याही जुन्या शहराचा नकाशा घ्या, त्यावरची नावं झाकून टाका, फक्त रस्त्यांच्या रेषा ठेवा, तरी कुठला भाग साधारण कधी वसला असेल ते बऱ्यापैकी सांगता येतं. मला हा खेळ भयंकर आवडतो. झोप येत नसली की लोक रील्स बघतात, मी नकाशे बघत बसते, आणि फुकट मिळतात हल्ली सगळे नकाशे, दोनशे वर्षांपूर्वीचे स्कॅन केलेलेसुद्धा. तर मधोमध गिचमिड असते, बारीक, वाकड्या, मधेच रुंद मधेच अरुंद होणाऱ्या रेषा, पण त्यातल्या बहुतेक कुठे ना कुठे जाऊन दुसऱ्या रेषेला भेटतात. त्याच्याभोवती बऱ्याचदा गोल किंवा अर्धगोल रुंद रस्ता दिसतो, तिथे कधीकाळी तटबंदी होती (व्हिएन्नाचा रिंग रोड तसाच, १८५७ मध्ये बादशहानं तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागेवर तो झाला). त्याच्या बाहेर सरळ रेषा, चौकोन, आखीवरेखीव. आणि त्याच्याही बाहेर, दुसऱ्या महायुद्धानंतरचा भाग लागला की चित्र एकदम बदलतं. एक जाडजूड मुख्य रस्ता, त्याला फुटलेला मध्यम, मध्यमला फुटलेले बारके, आणि बारक्यांच्या टोकाला काहीच नाही. संपला रस्ता. पलीकडे पन्नास पावलांवर दुसऱ्या बारक्याचं टोक, तेही तसंच संपलेलं.

आपण सगळे एक गृहीत धरून चालतो की शहर वाढलं की रस्ते वाढतात आणि रस्ते वाढले की जोडणी वाढते, म्हणजे कनेक्टिव्हिटी वगैरे. पहिलं बरोबर आहे. दुसरं अजिबात आपोआप होत नाही, उलट गेल्या शतकात कित्येक शहरांत रस्त्यांची एकूण लांबी भराभर वाढत गेली आणि नव्या भागातली जोडणी कमी कमी होत गेली.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, मोजता येतं, आणि मोजायला फार डोकंही लागत नाही. समजा शंभर चौक आहेत, दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा, आणि शेजारशेजारचे सगळे चौक एकमेकांना जोडलेत. रस्त्याचे तुकडे किती झाले? एकशे ऐंशी. आता तेच शंभर चौक झाडाच्या फांद्यांसारखे जोडा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी पोचता आलं पाहिजे पण फिरून परत येणारा वेढा कुठेच नको. त्याला नव्याण्णव तुकडे पुरतात. दोन्हीकडे चौक तेवढेच आणि दोन्हीकडे कुठूनही कुठेही जाता येतं, पण पहिल्यात तीन चौक पुढे आणि तीन चौक आडवं जायचं असेल तर उलटं न फिरता जायच्या वीस वेगवेगळ्या वाटा आहेत, दुसऱ्यात मोजून एक. त्या एका वाटेवर पाइपलाइनसाठी कुणी खड्डा खणला की विषय संपला. नियोजनवाले लोक हेच गुणोत्तर वापरतात, तुकडे भागिले चौक, एकच्या खाली आलं तर झाड, दोनच्या जवळ गेलं तर जाळी. खऱ्या शहरांतले भाग या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडतात.

या सगळ्या हिशेबाचा मूळपुरुष गणितज्ञ ऑयलर, आणि गंमत म्हणजे त्याचं कोडंही शहराच्या जोडणीचंच होतं. प्रशियातलं क्योनिग्सबर्ग शहर, मधून नदी, नदीत दोन बेटं, सात पूल, आणि प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का हा प्रश्न. १७३६ च्या सुमारास त्यानं दाखवलं की नाही येणार, कारण चारही जमिनींना, म्हणजे दोन काठ आणि दोन बेटं, विषम संख्येनं पूल लागलेत. इथपर्यंत शाळेत सांगतात. पुढचं सांगत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत दोन पूल गेले, नंतर अजून दोन पाडून त्या जागी हायवे आला, आणि आज त्या शहरात, ज्याचं नाव आता कॅलिनिनग्राड आहे, ऑयलरच्या हिशेबातले पाचच पूल धरता येतात. आणि पाच पुलांवर ते कोडं सुटतं! एका बेटावरून निघायचं, दुसऱ्या बेटावर संपवायचं, बस. शहर बदललं आणि अशक्य गोष्ट शक्य झाली, तीसुद्धा पूल कमी होऊन. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एवढं हसू आलं. आता ते कोडं सुटलं म्हणजे शहराचं भलं झालं असं काही नाही, पूल कमी म्हणजे वाटा कमीच, पण गणिताला काय त्याचं.

तर मुद्दा, शहराचं जाळं वाढतं कसं. यावर मला आवडणारा अभ्यास आहे मिलानच्या उत्तरेला असलेल्या ग्रोआने नावाच्या भागावरचा. साधारण सव्वाशे चौरस किलोमीटरचा पट्टा, आणि त्याचे १८३३ पासून २००७ पर्यंतचे वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे संशोधकांनी संगणकात उतरवून एकावर एक ठेवले. म्हणजे मी रात्री करते तेच, फक्त त्यांना त्याचे पैसे मिळाले. त्यांना दिसलं की रस्ते दोन प्रकारांनी येतात. एक म्हणजे मोकळ्या जमिनीत घुसणारे, नवा भाग उघडणारे. दुसरे म्हणजे आधीच असलेल्या दोन रस्त्यांमधली जागा भरून काढणारे, मधला तुकडा पाडणारे. सुरवातीच्या काळात पहिल्या प्रकारचे जास्त, आणि जसजशी जमीन भरत आली तसतसे दुसऱ्या प्रकारचे. हे कुणालाही सुचेल म्हणा. पण तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती अशी की आज त्या जाळ्यातले सगळ्यात मोक्याचे जे रस्ते आहेत, ज्यांच्यावरून सगळ्यात जास्त वाटा जातात, ते बहुतांश १८३३ च्या नकाशावर आधीच होते. म्हणजे गावागावांना जोडणारे गाडीरस्ते. दरम्यान शेतं गेली, कारखाने आले, कारखाने गेले, लोकसंख्या कुठल्या कुठे गेली, आणि कणा तोच राहिला. नवीन सगळं त्याच्या आजूबाजूला लटकलं.

न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनचं उदाहरण याबाबतीत फार बोलकं आहे, कारण तिथे तर कागदावर पट्टी ठेवूनच शहर आखलं होतं. १८११ चा आराखडा, उत्तर-दक्षिण बारा ॲव्हेन्यू, आडवे एकशे पंचावन्न रस्ते, टेकड्या बिकड्या काही बघितलं नाही. पण एक जुनी वाट त्या आराखड्याला पुरून उरली, ब्रॉडवे. ती सगळ्या काटकोनांना तिरकी छेदत जाते आणि जिथे जिथे छेदते तिथे ते विचित्र तिकोनी चौक झालेत जे आज सगळ्या जगाला फोटोत माहीत आहेत. दुसरं असं की आखणाऱ्यांना वाटलं होतं, वाहतूक मुख्यतः या नदीपासून त्या नदीपर्यंत, धक्क्यापासून धक्क्यापर्यंत चालणार, म्हणून आडवे रस्ते जवळजवळ, साधारण ऐंशी मीटरला एक, आणि उभे लांबलांब. झालं उलटंच, शहर उत्तरेला सरकत गेलं आणि उभ्या रस्त्यांवर ताण आला. मग १८३० च्या दशकात मधे दोन नवे उभे रस्ते घुसवले, लेक्सिंग्टन आणि मॅडिसन. ते मूळ आराखड्यात नव्हतेच. आता विचार करा, हे जमलं का? कारण तेव्हा तिथे घरं जवळजवळ नव्हती, प्लॉटच होते. पन्नास-साठ वर्षांनी कुणी हाच विचार केला असता तर शेकडो इमारती पाडाव्या लागल्या असत्या आणि तो विचार मनातच राहिला असता.

घर पडतं, परत बांधलं जातं, तीस वर्षांनी परत पडतं. रस्ता पडत नाही. त्याच्याखाली पाणी, ड्रेनेज, आता केबल्स, त्याच्या दोन्ही बाजूंना शेकडो मालकांची दारं आणि सातबारासारखे कागद, प्रत्येकाच्या कागदावर लिहिलेलं की पूर्वेस रस्ता. तो इंचभर सरकवायचा तर सगळ्यांच्या सह्या. लंडन १६६६ मध्ये जळालं, मधलं शहर जवळजवळ सगळं गेलं, आणि आग विझल्यावर काही दिवसांत वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेननं राजापुढे नवा आराखडा ठेवला, रुंद सरळ रस्ते, गोल चौक, सगळं मोकळं मोकळं. इतकी कोरी पाटी परत कुणाला मिळणार? पण पाटी कोरी नव्हतीच. राखेखाली मालकी हक्क जसेच्या तसे होते, लोकांना आपापल्या जागेवर लगेच दुकान उभं करायचं होतं, आणि शहर बहुतांशी जुन्याच रस्त्यांवर परत बांधलं गेलं, काही रुंद केले, एक-दोन नवे काढले, एवढंच. याच्या उलट पोर्तुगालचं लिस्बन. १७५५ चा भूकंप, त्सुनामी, आग, आणि मधला सखल भाग सपाट. तिथे पोंबाल या मंत्र्याच्या हातात इतकी सत्ता होती की त्यानं जुन्या गल्ल्या पुसून तिथे सरळ चौकोनी जाळं घातलं आणि ते आजही तसंच आहे. म्हणजे नुसत्या आपत्तीनं रस्ते बदलत नाहीत, मालकी मोडायची ताकद कुणाकडे असेल तरच बदलतात. हे वाक्य लिहिताना मला जरा कसंसंच होतं, कारण अशी ताकद ज्यांच्याकडे असते ते पहिला रस्ता गरिबाच्या घरातूनच काढतात. पॅरिसमध्ये ओस्मान या प्रशासकानं १८५३ ते १८७० या काळात जे बुलेव्हार, म्हणजे रुंद झाडांचे रस्ते, काढले ते आज आपण पोस्टकार्डावर बघतो, पण ते ज्यांच्या वस्त्यांमधून गेले ती माणसं शहराच्या कडेला फेकली गेली. जोडणी वाढली, हे खरंच. कुणाची वाढली, हा प्रश्न उरतोच.

आणि जोडणी नुसती वाढत नाही तेवढंच नाही, असलेली जोडणी हळूहळू कमीही होते, कुणी ठरवून न करता. दमास्कसमध्ये रोमन काळातला सरळ रुंद रस्ता होता, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, आणि आजूबाजूला आखलेलं काटकोनी जाळं. पुढे शतकानुशतकं काय झालं तर दुकानदार जरा पुढे सरकले, खांबांच्या मधे भिंती आल्या, रस्त्याचा बाजार झाला, आतल्या गल्ल्यांत घरं एकमेकांकडे झुकली, कुणाच्या तरी भाऊबंदांनी मिळून गल्लीचं एक टोक बंद केलं कारण तिथून परक्यांनी जायचं कारणच काय. अनेक जुन्या शहरांत आज जो आत आत जाऊन संपणाऱ्या बोळांचा चक्रव्यूह दिसतो त्याच्या खाली कधीकाळी सरळ रस्त्यांचं जाळं होतं. रस्ता सगळ्यांचा असतो आणि ओटा एकाचा, त्यामुळे ओटा रोज थोडा थोडा जिंकतो, रस्त्याच्या बाजूनं भांडायला कुणी बसलेलं नसतं.

विसाव्या शतकात मात्र हे ठरवून झालं. आणि ठरवणारी माणसं मूर्ख नव्हती हे आधी सांगते, कारण हल्ली डेड एंड गल्ल्यांना शिव्या घालायची फॅशन आहे. मोटारी आल्या तेव्हा जाळीदार शहरांत प्रत्येक रस्त्यावरून मोटार जाऊ लागली, प्रत्येक चौकात टक्कर होऊ शकत होती, आणि रस्त्यावर खेळणारी मुलं मरत होती. १९२९ मध्ये न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वसाहत झाली, क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांची. त्यात मोटारीसाठी छोट्या बंद गल्ल्या, घराच्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला बाग आणि पायवाटांचं सलग जाळं, मोठा रस्ता ओलांडायला खालून भुयारी वाट. म्हणजे गाडीला अडवायचं, माणसाला नाही. दोन जाळी, एकमेकांत न अडकणारी. महामंदी आली आणि वसाहत पूर्ण झालीच नाही, पण कल्पना पसरली. पसरताना काय झालं ते बघा. १९३० च्या दशकात अमेरिकेत घरकर्जाला हमी देणारी सरकारी यंत्रणा आली आणि तिनं बिल्डरांना सुचवायला सुरवात केली की जाळीदार लेआउट नको, वळणदार रस्ते करा, आरपार वाहतूक टाळा, बंद गल्ल्या चालतील. ज्या लेआउटला कर्जाची हमी मिळणार तोच लेआउट बिल्डर करणार, साधी गोष्ट आहे. बंद गल्ली स्वस्त पडत होती आणि गिऱ्हाईकाला आवडत होती, ती राहिली. पायवाटांनी विकायला प्लॉट मिळत नव्हता, त्या गळाल्या. निम्मी कल्पना उचलली, आणि ज्या निम्म्यानं ती चालत होती तीच सोडली.

अमेरिकेतल्या रस्त्यांच्या नोंदींवरून वर्षवार हिशेब मांडलाय संशोधकांनी, शंभरेक वर्षांचा. नव्या रस्त्यांची जोडणी महायुद्धानंतर घसरत घसरत जाते आणि १९९४ च्या आसपास तळ गाठते, त्यानंतर हळूहळू सुधारायला लागते. तिथे निदान वळली तरी. जगभराचा तसाच हिशेब मांडला तेव्हा दिसलं की १९७५ नंतर बहुतेक देशांत नव्यानं बांधलेले भाग आधीच्यापेक्षा जास्त तुटक होत गेलेत, फाटकाच्या आतल्या वसाहतींचा त्यात मोठा हात. अपवाद आहेत, जपानसारखे, दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांसारखे, जिथे जाळी टिकून आहे. आणि एकदा तुटक बांधलेला भाग पुढे तुटकच राहतो, हे दोन्ही हिशेबांत सारखं.

तुटक म्हणजे नक्की काय, ते नकाशावर तेवढं लागत नाही, पायाला लागतं. मी ज्या खोलीत बसून हे लिहिते तिथून मागच्या वसाहतीतला जिमखाना दिसतो, तिथे रात्री बॅडमिंटन चालतं तर शटलकॉकचा टप टप आवाज येतो, इतकं जवळ. फोनला विचारलं तर तो म्हणतो दीड किलोमीटर. आमच्या गल्लीतून बाहेर, मुख्य रस्ता, सिग्नल, पुढे वळण, त्यांचं फाटक, मग आत परत तेवढंच उलट. मधे काय आहे? भिंत. नऊ इंच जाडीची असेल. आखीव चौकोनी जाळ्यात एका चौकातून दुसऱ्या चौकात जायचं तर सगळ्यात वाईट तिरकी जागा धरली तरी पायी अंतर हे सरळ अंतराच्या साधारण एक पूर्णांक एक्केचाळीस पटीपेक्षा जास्त होऊ शकत नाही, हे भूमिती सांगते, चौरसाचा कर्ण. इथे ते दहा पटीच्या घरात जातं. एका काळी त्या भिंतीच्या कोपऱ्यात तीन विटा निघाल्या होत्या. मग पाच. शाळेतली मुलं आधी दप्तर पलीकडे टाकायची, मग एक पाय खालच्या भगदाडात, एक हात वर, आणि पलीकडे. पलीकडच्या बाजूला कुणीतरी उतरायला फरशीचा तुकडा उभा करून ठेवला होता. त्या तुकड्याची वरची कड इतक्या पायांनी गुळगुळीत झाली होती की पावसात पाय सटकायचा, मग त्यावर कुणीतरी सायकलचं टायर कापून ठोकलं. आता हे कुणी मंजूर केलं नव्हतं, कुणी टेंडर काढलं नव्हतं, पण तो रस्ताच होता, बऱ्याच डांबरी रस्त्यांपेक्षा जास्त चालणारा.

मग मीटिंग झाली. भिंत दुरुस्त झाली, वर काचा लागल्या. मी त्या मीटिंगला होते आणि खरं सांगायचं तर भिंतीच्या बाजूनं बोलणाऱ्या एका काकूंचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं, त्यांच्या खिडकीसमोरूनच सगळी ये-जा, रात्री उशिरा कोण कोण उतरतंय ते कळत नाही, जबाबदारी कुणाची? चोरी झाली तर? दुसऱ्या एकानं सांगितलं की एकदा का वाट दिली की उद्या दुचाकी येतील, परवा रिक्षा. खरंच येतील. जोडणीचा फायदा शंभर लोकांना थोडा थोडा होतो आणि तोटा दोन घरांना बदाबदा होतो, आणि मीटिंगला येतात ती दोन घरं. माझं मत विचाराल तर तिथे माणसापुरती फट हवी होती, वर दिवा, खाली दोन खांब म्हणजे दुचाकी शिरणार नाही. मी तसं सुचवलंही. अध्यक्षांनी 'बघू' म्हटलं. बघू म्हणजे काय ते आपल्याला माहीत असतं.

बंद गल्ल्यांचा खरा त्रास मात्र गल्लीत होत नाही, तो मुख्य रस्त्यावर जाऊन बसतो. प्रत्येक वसाहतीला एकच तोंड असलं की दूध आणायचं असो की विमानतळावर जायचं असो, सगळ्यांना त्याच रस्त्यावर यावं लागतं. मग तो तुंबतो. मग तो रुंद करतात. रुंद झाला की गाड्या वेगात जातात, मग ओलांडणं धोक्याचं, मग मधे दुभाजक, मग फ्लायओव्हर, मग दुभाजकात लोक फटी पाडतात त्या बुजवायला लोखंडी जाळ्या, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजू एकमेकांना परक्या होतात. म्हणजे आत जोडणी तोडली म्हणून बाहेर इतका मोठा रस्ता लागला, आणि तो इतका मोठा झाला की त्यानंच अजून जोडणी तोडली. अग्निशमनवाले, ॲम्ब्युलन्सवाले, बसवाले यांचा हिशेब अजून वेगळा. गल्लीच्या टोकाला बंब वळावा म्हणून एवढं मोठं वर्तुळ सोडावं लागतं, आणि बस तर आत येऊच शकत नाही कारण ती आत आली की त्याच वाटेनं बाहेर जायचं, अर्धा फेरा फुकट.

एखादं शहर दोन तुकडे झालं तर काय होतं याचा सगळ्यात टोकाचा दाखला बर्लिनचा. ऑगस्ट १९६१ मध्ये रातोरात तारेचं कुंपण आलं, मग भिंत. बेर्नाउअर श्ट्रास नावाच्या रस्त्यावर तर घरं पूर्वेत आणि दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत, खिडकीतून उडी मारली की देश बदलला, मग खिडक्या विटांनी बुजवल्या. पश्चिमेच्या काही मेट्रो पूर्वेखालून जायच्या, बंद स्टेशनांतून न थांबता. अठ्ठावीस वर्षांनी भिंत पडली आणि रस्ते परत जोडायला घेतले, आणि बरेचसे जोडता आले कारण त्यांच्या मूळ रेषा दोन्ही बाजूंना शिल्लक होत्या, टोकाला टोक लावायचं होतं. शहराला आठवत होतं म्हणा हवं तर. हायवेनं कापलेल्या शहरांना ते इतकं सोपं जात नाही, तिथे मधली वस्तीच गेलेली असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरचा दुमजली फ्रीवे १९८९ च्या भूकंपात खिळखिळा झाला आणि १९९१ मध्ये पाडला, तेव्हा कुठे शहराच्या रस्त्यांना परत समुद्रापर्यंत मोकळं जाता आलं. भूकंप झाला नसता तर पाडला असता का, मला शंका आहे.

आता कुणी म्हणेल म्हणजे सगळं जाळीदार आणि सगळं उघडं, हे उत्तर. नाही. बार्सिलोनात सेर्दा या अभियंत्याच्या १८५९ च्या आराखड्यातलं जाळं आहे, जगातल्या उत्तम जाळ्यांपैकी, एकशे तेरा मीटरचे चौकोन, वीस मीटरचे रस्ते, कोपरे छाटलेले, आणि त्याच जाळ्यामुळे मोटारींनी प्रत्येक रस्ता खाल्ला. मग गेल्या काही वर्षांत त्यांनी नऊ-नऊ चौकोनांचा गट करून आतून आरपार जाणारी मोटार अडवायला सुरवात केली, पोब्लेनोउ भागात २०१६ मध्ये मोठा प्रयोग झाला. गाडी आत येऊ शकते पण फिरून त्याच बाजूनं बाहेर जाते, चालणारा आणि सायकलवाला कुठूनही कुठेही. म्हणजे डोळ्यांना जाळी, गाडीला बंद गल्ली. रॅडबर्नला जे म्हणायचं होतं तेच, फक्त इथे भिंत नाही, कुंड्या आणि बाकं आहेत, आणि उद्या गरज पडली तर ती उचलता येतात. हा फरक मला फार मोठा वाटतो. जाळं आधी असेल तर त्यातला एखादा धागा कधीही बंद करता येतो, झाड आधी असेल तर नवा धागा घालायला कुणाचं तरी घर पाडावं लागतं.

म्हणून खरी लढाई शेतं शहरात येतात त्या पाच-दहा वर्षांची असते. शेताचे बांध वेडेवाकडे, एकाची पट्टी लांबट, दुसऱ्याची चिंचोळी, प्रत्येक मालक आपापल्या वेळेला विकतो आणि घेणारा आपल्या तुकड्यापुरता लेआउट करतो, शेजारच्या तुकड्याचा रस्ता कुठे येणार याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि दोन लेआउटच्या मधे बांध होता तिथे भिंत होते. यावर जगात सापडलेला बरा उपाय म्हणजे सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते आणि बागा त्यातून काढायच्या, आणि उरलेली जमीन नीट आकारात, रस्त्याला लागून, ज्याची त्याला परत द्यायची. क्षेत्र कमी मिळतं पण किंमत वाढते म्हणून मालक तयार होतात, निदान काही तरी. जर्मनीत फ्रँकफर्टच्या आडिकेस नावाच्या महापौरांनी १९०२ मध्ये यासाठी कायदा करून घेतला, मुंबई प्रांताचा नगररचना कायदा १९१५ चा, आणि टोकियोनं १९२३ च्या भूकंपानंतर जळालेला मोठा भाग याच पद्धतीनं परत मांडला. वेळ लागतो, कोर्टकचेऱ्या होतात, कुणाचा प्लॉट कोपऱ्यावर यावरून भावाभावांत वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. तरी होतं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यानं वेगळा दाब टाकून पाहिला. तिथे वसाहतींमधले बरेचसे रस्ते देखभालीला राज्य सरकार घेतं, तर २००९ मध्ये त्यांनी नियम केला की नव्या वसाहतीचे रस्ते शेजाऱ्याच्या जमिनीला जोडलेले नसतील, किंवा पुढे जोडता येतील अशी टोकं सोडलेली नसतील, तर आम्ही ते घेणार नाही, खड्डे तुमचे तुम्ही भरा. दोनच वर्षांत, २०११ मध्ये, नियम बराच ढिला करावा लागला. बिल्डर नाराज, हे समजू शकतं, पण राहणारेही नाराज असतात अशा नियमांवर. कारण टोक सोडलेला रस्ता दहा-बारा वर्षं बंद गल्लीसारखाच वागतो, मुलं तिथे क्रिकेट-फुटबॉल खेळतात, लोक गाड्या लावतात, घर घेताना एजंट हळूच सांगतो की शांत आहे, शेवटचं घर आहे. आणि मग शेजारच्या जमिनीवर मशीन येतं, रस्ता जोडायची वेळ येते, आणि गल्लीतले सगळे सभेला जाऊन ओरडतात की आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. कागदावर होतं, पण कागद कोण बघतं. म्हणून तिकडच्या काही शहरांत आता अशा टोकाला बोर्ड लावायची सक्ती आहे, ठळक अक्षरांत, की हा रस्ता पुढे वाढवला जाणार आहे. माझं म्हणणं एवढंच की तो बोर्ड पहिलं घर विकायच्या आधी लागला पाहिजे, आणि एजंटनं त्याच्यासमोर गाडी लावून तो झाकायला बंदी हवी.